बायोसमध्ये चालतो, सेटअपमध्ये मरतो: विंडोज टाकताना कीबोर्ड बंद का पडतो

आधी एक सांगतो, नवीन कीबोर्ड आणायला दुकानात पळू नका.

ओळखीतल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांनी तेच केलं होतं. त्यांच्या जुन्या मशीनचा मदरबोर्ड गेला म्हणून त्यांनी सेकंडहँड मशीन घेतलं, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. त्यावर विंडोज ७ च हवं होतं, कारण हजारभर पत्रिकांच्या फाइली पेजमेकरमध्ये, फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले, आणि त्यांच्या डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागते ती किल्ली) ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू विंडोजला ओळखून देणारा प्रोग्राम, विंडोज ७ च्या पुढे आलेलाच नाही. मी पोचलो तेव्हा टेबलावर तीन कीबोर्ड ओळीने मांडलेले. "अरे, हा तिसरा. हापण गेला. बायोसात चालतोय बघ, आणि विंडोज सुरू झालं की ठार." तिन्ही कीबोर्ड ठणठणीत होते.

लक्षण नेहमी असंच असतं. डिलीट दाबलं की बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा मशीनचा अंगचा प्रोग्राम, उघडतो, बाणांनी वरखाली जाता येतं. डीव्हीडीवरून बूट करायला 'कुठलीही की दाबा' असं येतं, ती दाबलेलीही कळते. मग 'स्टार्टिंग विंडोज', चार रंगांचे ठिपके गोळा होऊन खिडकी तयार होते, निळ्या पडद्यावर भाषा निवडायची चौकट येते, आणि तिथून पुढे कीबोर्ड गप्प. बहुतेक वेळा माउसही. ठिपके फिरत असताना नम लॉकच्या दिव्यावर नजर ठेवा. तो विझला आणि परत लागला नाही, तर पुढचं सगळं इथेच ठरलं.

कारण सरळ आहे, पण कुणी सांगत नाही म्हणून माणूस कीबोर्ड विकत घेत बसतो. मशीन चालू केल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत एकच प्रोग्राम कीबोर्ड वाचत नसतो. सूतगिरणीत पाळ्या बदलतात तसं इथेही होतं. पहिली पाळी बायोसची, दुसरी सेटअपची, तिसरी डिस्कवर बसलेल्या विंडोजची. बायोसकडे यूएसबी कीबोर्ड वाचण्याची स्वतःची सोय असते, त्यामुळे पहिली पाळी सुखात जाते. सेटअप सुरू झाला की तो यूएसबी कंट्रोलर, म्हणजे पोर्टांचा कारभार बघणारा भाग, स्वतःच्या ताब्यात घेतो आणि बायोसची सोय संपते. आता सेटअपकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल, तर कीबोर्ड कितीही भारी असो, त्याचं बोलणं ऐकायला कुणी उरत नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'कीबोर्ड कुठला?' असा विचारू नका, 'तो कुठल्या पाळीत मेला?' असा विचारा. पाळी कळली की निम्मं काम झालं.

दुसरी पाळी: विंडोज ७ आणि २०१५ नंतरचे बोर्ड

यूएसबी २.० च्या पोर्टांमागे जो कंट्रोलर असायचा त्याला ईएचसीआय म्हणतात, यूएसबी ३.० मागच्या कंट्रोलरला एक्सएचसीआय. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आलं आणि एक्सएचसीआयचा १.० आराखडा आला २०१० मध्ये. जी वस्तू जन्माला यायची होती तिचा ड्रायव्हर डीव्हीडीवर कुठून असणार? मायक्रोसॉफ्टने तो घरचा म्हणून दिला तो २०१२ च्या विंडोज ८ पासून.

तरी काही वर्षं कुणाला त्रास झाला नाही. इंटेलच्या २०१२ च्या ७ सिरीज चिपसेटपासून (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) ९ सिरीजपर्यंत दोन्ही कंट्रोलर बोर्डावर नांदत होते. एक्सएचसीआय बंद केला की सगळे पोर्ट मुकाट्याने ईएचसीआयवर जायचे. २०१५ मध्ये स्कायलेक, म्हणजे सहावी पिढी आणि १०० सिरीज चिपसेट आले, त्यात इंटेलने ईएचसीआय काढूनच टाकला. तेव्हापासून त्या बोर्डावरचा प्रत्येक यूएसबी पोर्ट एक्सएचसीआयच्या मागे असतो.

इथे एक जुना सल्ला फसतो, आणि तो अजून सर्रास दिला जातो: 'निळ्या पोर्टातून काढ, काळ्यात लाव.' २०१३ च्या बोर्डावर हे चालायचं. सहाव्या पिढीत काळा पोर्ट वेगाने यूएसबी २.० असतो, पण त्याच्या मागे बसलेला कंट्रोलर तोच, एक्सएचसीआय. काकांनी पुढचे-मागचे मिळून सगळे पोर्ट पालथे घातले होते.

लॅपटॉपवाल्यांना याच पिढीत कधीकधी वेगळाच अनुभव येतो: अंगचा कीबोर्ड व्यवस्थित चालतो आणि यूएसबी माउस मेलेला. कारण पुष्कळ लॅपटॉपांत अंगचा कीबोर्ड आतून अजून यूएसबीच्या आधीच्या पीएस-टू पद्धतीनेच जोडलेला असतो.

'मग सेटअपमध्येच लोड ड्रायव्हर करू,' असं म्हणाल, तर ते बटण दाबायला माउस हवा आणि माउस चालायला ड्रायव्हर हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

सुटका: आधी बायोस, मग जांभळं भोक

बोर्ड २०१२ ते २०१४ चा असेल तर बायोसमध्ये 'एक्सएचसीआय मोड' शोधा आणि डिसेबल करा. पाच मिनिटांचं काम. विंडोज बसल्यावर ड्रायव्हर टाकून परत चालू करा.

सहाव्या पिढीत तो पर्याय सापडला नाही तरी बायोस एकदा नीट चाळा. काही बोर्डांवर 'विंडोज ७ इन्स्टॉलेशन' किंवा 'पीएस-टू सिम्युलेटर' नावाची सोय दिलेली असते. ती चालू केली की यूएसबी कीबोर्ड सेटअपला पीएस-टूचा वाटतो. नुसतं 'लेगसी यूएसबी सपोर्ट' चालू करून मात्र भागत नाही. तो बायोसच्या पाळीपुरताच.

सगळ्यात बिनबोभाट उपाय म्हणजे खराखुरा पीएस-टू कीबोर्ड. मशीनच्या मागे गोल, जांभळं भोक असतं, किंवा अर्धं जांभळं अर्धं हिरवं. त्या गोल पिनेचा ड्रायव्हर विंडोजकडे जुन्या काळापासून आहे, त्याला यूएसबीशी देणंघेणं नाही. दोन पथ्यं पाळा. एक, मशीन बंद असतानाच तो लावा. चालू मशीनला लावलेला पीएस-टू कीबोर्ड बहुधा ओळखला जात नाही, पिना वाकतात त्या वेगळ्या. दोन, पाच-पन्नास रुपयांचा यूएसबीचा पीएस-टू करणारा छोटा अडॅप्टर मिळतो, त्यावर विसंबू नका. आत फक्त तारा जोडलेल्या असतात. कीबोर्डला स्वतःला दोन्ही बोल्या येत असतील तरच तो चालतो, आणि आजचे बहुतेक कीबोर्ड फक्त यूएसबी बोलतात.

पीएस-टू लावूनही पुष्कळजण पुढच्या पायरीवर अडकतात. भाषेची चौकट ओलांडली, 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं, आणि पाटी आली: सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही. लोक डीव्हीडीला, आयएसओला (डीव्हीडीची फाइलरूपी नक्कल), पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या टूलला शिव्या घालत परत डाउनलोड करत बसतात. दुखणं तेच असतं. पेन ड्राइव्हसुद्धा एक्सएचसीआयच्या मागेच आहे. बायोसने त्यावरून सेटअप मेमरीत चढवून दिला, आणि पाळी बदलल्यावर ज्या पेन ड्राइव्हवरून आपण उठलो तोच सेटअपला दिसेनासा झाला. पाटीत डीव्हीडीचं नाव असतं म्हणून घोळ होतो, एवढंच. पीएस-टू कीबोर्ड वापरणार असाल तर सोबत साटा केबलने थेट मदरबोर्डाला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्हही जोडा, यूएसबीचा नको.

ड्रायव्हर आतच भरायचा असेल तर

पीएस-टूचं भोकच नसलेले बोर्डही आहेत. तिथे ड्रायव्हर सेटअपच्या पोटात भरावा लागतो. बोर्डाच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर जुन्या डाउनलोडांत यासाठीचं तयार टूल सापडलं तर तेच वापरा. नसेल तर विंडोजच्या डिस्म या कमांडने हाताने करता येतं, दुसऱ्या कुठल्याही चालू मशीनवर, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून.

डीव्हीडीतल्या सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर एका फोल्डरात उतरवा. त्यात 'सोर्सेस' नावाचा फोल्डर आहे आणि त्यात दोन फाइली महत्त्वाच्या: बूट.विम आणि इन्स्टॉल.विम. विम म्हणजे विंडोजच्या फाइलींचा गठ्ठा, आतल्या एकेका संचाला इमेज म्हणतात. डीव्हीडीवरून उतरवल्यामुळे दोन्हींवर 'रीड ओन्ली'ची खूण असते, ती प्रॉपर्टीजमध्ये जाऊन काढा, नाहीतर पहिल्याच कमांडला एरर. मग एक रिकामा फोल्डर करून त्यात विम माउंट करायची, म्हणजे उघडून ठेवायची, ड्रायव्हर घालायचा, आणि 'कमिट' म्हणून, म्हणजे बदल जपून, अनमाउंट करायची. अनमाउंट करताना तो फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा ठेवू नका. मी तेवढ्यावरून दोनदा अडकलोय.

ड्रायव्हर इन्स्टॉलरच्या इएक्सई रूपात चालत नाही, सुट्या इन्फ फाइली हव्यात. इंटेलच्या यूएसबी ३.० ड्रायव्हरच्या झिपमध्ये त्या मिळतात. एक होस्ट कंट्रोलरची आणि एक हबची. दोन्ही घाला. फक्त कंट्रोलरची घातली तर कंट्रोलर जागा होतो, पण त्याच्या पुढचा हब आणि हबला लावलेला कीबोर्ड झोपलेलेच राहतात. चौसष्ट बिट विंडोजला चौसष्ट बिटचाच ड्रायव्हर लागतो, हे सांगायला नको.

बूट.विमच्या आत दोन इमेज असतात. पहिली विंडोज पीई, दुसरी सेटअप. डीव्हीडीवरून उठते ती दुसरी, तिच्यात घालणं भाग आहे. पहिलीतही घालून टाका.

इथपर्यंत मी सगळं बरोबर केलं होतं. शनिवारी रात्री घरी बसून बूट.विम भरली, रविवारी सकाळी प्रेसमध्ये गेलो. भाषेची चौकट आली, काकांचा तिसरा कीबोर्ड झटकन चालू, माउसही. काका खूश, चहा आला. वीस-पंचवीस मिनिटांनी फाइली उतरून झाल्या, मशीन रीस्टार्ट झालं, आणि 'तुमचं नाव लिहा' अशी चौकट आली. कर्सर लुकलुकतोय आणि कीबोर्ड परत ठार. नम लॉकचा दिवा विझलेला.

काका म्हणाले, "तुझा चहा गार झाला."

तिसरी पाळी मी विसरलो होतो. बूट.विम म्हणजे सेटअप, तो आपलं काम आटपून गेला. आता जे उठलं ते इन्स्टॉल.विममधून डिस्कवर उतरलेलं विंडोज, आणि त्याच्यात मी काही घातलंच नव्हतं. इन्स्टॉल.विममध्ये होम बेसिक, होम प्रीमियम, प्रोफेशनल, अल्टिमेट अशी प्रत्येक आवृत्तीची वेगळी इमेज असते. डिस्मला विचारलं की तो क्रमांकासह यादी देतो. जी टाकणार असाल तिच्यात ड्रायव्हर घाला. चारही भरत बसलात तर वेळ जातो, दुसरं काही नाही.

हीच चूक वेगळ्या वेशातही भेटते. काहीजण विंडोज १० चा पेन ड्राइव्ह घेऊन त्यात विंडोज ७ ची इन्स्टॉल.विम बदलून टाकतात. युक्ती चांगली आहे, कारण विंडोज १० च्या सेटअपला एक्सएचसीआय मुळातच येतो आणि दुसरी पाळी विनात्रास पार पडते. तिसऱ्या पाळीत मात्र विंडोज ७ च उठतं, म्हणजे ड्रायव्हर घातलेला नसेल तर मुक्काम परत त्याच चौकटीत.

त्या दिवशी मी परत घरी जाऊन विम भरणार होतो, तेवढ्यात काकांच्या मुलाने माळ्यावरून जुन्या मशीनचा कीबोर्ड काढून आणला. पिवळा पडलेला, मराठी अक्षरांची स्टिकरं निम्मी गळालेली, आणि वायरच्या टोकाला जांभळी गोल पिन. नव्या मशीनसोबत दुकानदाराने यूएसबी कीबोर्ड फुकट दिला म्हणून हा माळ्यावर गेला होता. मशीन बंद केलं, पिन लावली, चालू केलं. विंडोजने स्वतःच तपासणी करून परत तीच चौकट दाखवली, आणि काकांनी प्रेसचं नाव एका बोटाने टाइप केलं. डेस्कटॉप आल्यावर बोर्डाच्या सीडीतून यूएसबीचा ड्रायव्हर टाकला आणि तिन्ही नवे कीबोर्ड आळीपाळीने लावून दाखवले.

दोन गोष्टी जाता जाता. बोर्डावर एम.टू स्लॉटमध्ये एनव्हीएमई डिस्क असेल तर विंडोज ७ ला तीही मुळात ओळखता येत नाही, असल्या मशीनला साधी साटा एसएसडी लावा. आणि विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय. काकांच्या मशीनची नेटची केबल मी काढून ठेवली आहे, फाइली पेन ड्राइव्हने जातात.

पहिल्याच पाळीत मेला तर

डिलीट, एफ-टू काहीही दाबा, बायोसच उघडत नाही, पण आधीचं विंडोज सुरू झालं की कीबोर्ड चालतो. हे बरोबर उलटं दुखणं, आणि दोषी बहुधा बायोसमधला 'अल्ट्रा फास्ट बूट'. सेकंद वाचवायला तो यूएसबी जागं करायचंच टाळतो. चालू विंडोजमधून शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमध्ये जाऊन यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज निवडा, आणि तो बंद करा. विंडोजही उठत नसेल तर वीज काढून बोर्डावरचा सीमॉस, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग्ज, क्लिअर करायचा.

त्याआधी कीबोर्ड हबमधून काढून थेट मशीनच्या मागच्या पोर्टाला लावून बघा. ब्लूटूथ कीबोर्ड या कामाला धरूच नका. रंगीबेरंगी दिव्यांचे गेमिंग कीबोर्डही कधीकधी बायोसला कळत नाहीत, तिथे सगळ्यात साधा, स्वस्त कीबोर्ड कामाला येतो.

लिनक्स टाकताना

ग्रबच्या (लिनक्स सुरू होण्याआधी येणारा मेनू) यादीत बाण चालतात आणि इन्स्टॉलर आल्यावर लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड मेलेला, बाहेरून लावलेला यूएसबी मात्र चालू. इथे गोष्ट बरोबर उलटी झाली: यूएसबी शाबूत, पीएस-टू गेला. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ६००० च्या काही लॅपटॉपांवर हे पुष्कळ झालं. कीबोर्डच्या इंटरप्टची, म्हणजे की दाबल्याच्या इशाऱ्याची, माहिती कर्नल (लिनक्सचा गाभा) चुकीची धरायचा. दुरुस्ती पुढच्या कर्नलांत आली, म्हणून जुनी आयएसओ फेकून ताजी घ्या. इन्स्टॉल होईपर्यंत यूएसबी कीबोर्डवर काम भागवा. त्याहून जुन्या लॅपटॉपवर असं झालं तर ग्रबमध्ये इंग्रजी 'ई' दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी आय-८०४२ चा (पीएस-टू कीबोर्डचा कंट्रोलर) रीसेट किंवा नोमक्स पर्याय जोडतात आणि एफ-टेनने पुढे जातात. बसेल तो बसेल.

मेलेला नाही, मराठी बोलतोय

हे आपल्याकडचंच खास. इन्स्टॉलरमध्ये हौसेने मराठी निवडलं की कीबोर्डची मांडणी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची, होऊ शकते. मग पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, पासवर्ड चुकतो, आणि माणूस म्हणतो काही की चालत नाहीत. नावाच्या चौकटीत इंग्रजी 'के' दाबून बघा. तिथे 'क' उमटेल आणि वाटेल, अरे वा. मग 'जे' दाबा, 'र' येईल. कोपऱ्यातल्या भाषेच्या खुणेवरून इंग्रजी करा आणि मगच पासवर्ड ठेवा. शिफ्ट आणि दोन दाबल्यावर ॲटच्या जागी अवतरण चिन्ह आलं, तर मांडणी ब्रिटनची निवडली गेली आहे.

कॅप्स लॉकचा दिवा इथे झटपट निवाडा करतो. दाबल्यावर दिवा लागतो-विझतो, म्हणजे सिस्टिम कीबोर्ड ऐकते आहे आणि घोळ मांडणीचा आहे. दिवा ढिम्म, म्हणजे वरच्या पाळ्यांकडे परत जा.

विंडोज ११ वाल्यांनी हसू नये. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांत रिकव्हरीच्या, म्हणजे विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीसाठी उघडणाऱ्या, पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस दोन्ही बंद पडले. रोजच्या विंडोजमध्ये सगळं चालू, आणि 'रीसेट धिस पीसी'साठी रिकव्हरीत गेलं की हात बांधलेले. तीपण एक वेगळीच पाळी, वेगळ्या इमेजमधून उठणारी. २० ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने केबी५०७०७७३ हे तातडीचं अपडेट काढून ते दुरुस्त केलं. मशीन त्या मधल्या अपडेटवरच राहिलं असेल आणि रिकव्हरीत कीबोर्ड चालत नसेल, तर विंडोज उठत असताना हे किंवा यानंतरचं कुठलंही अपडेट घ्या. उठतच नसेल तर यूएसबी रिकव्हरी ड्राइव्हवरून बूट करा, टच स्क्रीन असेल तर पडद्यावरचा कीबोर्ड वापरा. आणि मागे जांभळं भोक असेल तर माळ्यावर एकदा बघून या.